भुशाच्या सिलिकावरचं सोनं

"सर, हे निळं पडलं." सुनंदा आत्रामनं बाटली माझ्यासमोर धरली. पावडर गुलाबी निघायला हवी होती.

चंद्रपूरच्या एका छोट्या लॅबचा मी इन्चार्ज होतो. सुनंदा मुलचेऱ्याकडची, कॉन्ट्रॅक्टवरची केमिस्ट. आम्ही सोन्याचा कॅटॅलिस्ट बनवत होतो. कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन घडवणारा पदार्थ. दागिन्यातलं सोनं हवेला दाद देत नाही, पण त्याचे अतिसूक्ष्म कण केले की ते कामाला लागतं. आमच्याकडे ते एका अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करून बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड बनवायचं. तिथंच थांबायला हवं, पुढं गेलं की अ‍ॅसिड होतं. कण सुटे राहावेत म्हणून ते छिद्राछिद्रांच्या सिलिकावर बसवायचे. ही सिलिका आम्ही नागभीडच्या राइस मिलमधला धानाचा भुसा जाळून काढायचो.

निळा रंग म्हणजे कण एकमेकांना चिकटले. रिअ‍ॅक्शन लावून पाहिली. बदामाचा वास नावालाच आला.

"भुसा अ‍ॅसिडनं धुतला होता ना?"

"धोटे साहेबानं धुवू नोको म्हटलं. घाई हाय म्हणे. मी सांगून राह्यली होती, पण ऐकते कोन?"

न धुतलेल्या भुशातल्या पोटॅशमुळे भट्टीत सिलिका वितळते आणि छिद्रं बुजतात.

आम्ही दोघं डायरेक्टर धोट्यांकडे गेलो.

"उद्या नागपूरची पार्टी येऊन राह्यली," ते म्हणाले. "जुन्या गुलाबी बॅचच्या बाटलीतला माल दाखवा."

"तो मूठभर हाय साहेब," सुनंदा म्हणाली. "ऑर्डर आली तं देणार काय? नुसता तोच मी नाई दाखवणार."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, माहीत हाय ना?"

"हाय."

मी म्हणालो, "साहेब, मीही नाही दाखवणार." धोटे उठून गेले.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या कंपनीच्या इंजिनिअरसमोर सुनंदानं निळी आणि जुनी गुलाबी अशा दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि कारण सांगितलं. त्यांनी निळी बाटली बराच वेळ पाहिली.

"भुसा धुऊन पुन्हा करा. आमच्या लॅबमध्ये तपासतो. आज काही कबूल करत नाही."

नवी बॅच गुलाबी निघाली आणि तपासणीत पास झाली. ऑर्डर आली, पण अपेक्षेपेक्षा लहान. सुनंदाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. परमनंट मात्र ती झाली नाही. धोटे बरेच दिवस आमच्याशी कामापुरतंच बोलत.

वेळ वाचवायचाच असेल तर मीटिंगमध्ये वाचवावा. भुसा धुण्यात वाचवू नये.