या ऐकल्याबिगर

माळ्यावर जुना मोडेम सापडला आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा तो वास आठवला. तेव्हा अंबाजोगाईत मोठ्या दवाखान्यासमोर मी इंटरनेटचं दुकान नुकतंच टाकलं होतं. कापडदुकान मुलावर सोपवलेले माझे काका दुपारी तिथं येऊन बसत. एकदा मी इंटरनेट बंद करत होतो, तर म्हणाले, "बंद करायला इतका वेळ कावून लागतो रे?" मी सांगितलं, आपलं यंत्र पलीकडच्या यंत्राला विचारतं, बंद करू का, तिकडून होकार आला की लाइन सुटते, नाही आला तर पुन्हा विचारतं. काका हसले. "मंग आपल्यावानीच हाय की. येतो म्हणायचं, अन् 'या' ऐकल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई." त्याच हिवाळ्यात काकांना समोरच्या दवाखान्यात ठेवलं. एका संध्याकाळी ते काकूंना म्हणाले, "येतो." काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. काका वाट बघत राहिले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "येतो गं." काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "या." मग काकांनी डोळे मिटले. आता घरातलं इंटरनेट कधी बंदच होत नाही. परवा लेक कायमची परदेशी निघाली. दारात "येते" म्हणाली, तर मी तिच्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. ती उंबऱ्यातच थांबली आणि हळूच पुन्हा म्हणाली, "बाबा, येते."