रागावणारं माणूस

माझ्या सख्ख्या आत्याला आत्या म्हणायचं नाही, हे मला फार लहानपणी शिकवलं गेलं. माझ्या जन्माच्या आधीच तिने दीक्षा घेतली होती. दीक्षेनंतर जुनी नाती सुटतात, म्हणून घरात सगळे तिला माताजी म्हणत. पारशिवनीजवळच्या आमच्या गावाहून वर्षातून एकदा आम्ही नागपूरजवळच्या बेसाला तिच्या आश्रमात जायचो. तिच्याहून मोठे असलेले माझे बाबा, म्हणजे तिचा भाऊच, दारात चप्पल काढून जमिनीला डोकं टेकवायचे आणि तिला 'तुम्ही' म्हणायचे. पायांना हात लावायचा नसे. ती लांबूनच हसायची. जगातलं सगळ्यात शांत माणूस कोण, असं मला कोणी विचारलं असतं तर मी तिच्याकडे बोट दाखवलं असतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. नागपूरला बीएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हा गावात पेढे वाटले गेले होते. दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले. वर्गात सर इंग्रजीत शिकवायचे आणि मी समजल्यासारखी मान हलवायची. तेवढ्यात घरी एक स्थळ आलं. आई फोनवर म्हणायची, "नाही जमत तं सोड ना बाई अभ्यास. पोरगा चांगला आहे." मला लग्न नको होतं, आणि नापास होऊन गावी तोंड दाखवणंही नको होतं. तेव्हा दीक्षेचा विचार मनात आला. दीक्षा घेतलेल्या मुलीला लग्नाचं कोणी विचारत नाही, निकालाचंही नाही. बाबाही नाही म्हणू शकले नसते.

त्याच उन्हाळ्यात आत्या न्हाणीत घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. धंतोलीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. आश्रमात तिच्यासोबत एक म्हाताऱ्या साध्वी होत्या, पण त्यांनाच काठीचा आधार लागायचा. बाबांनी मला सेवेला जायला सांगितलं. मी पुस्तकं आणि चार कपडे घेऊन गेले. प्लास्टर निघालं की तिच्याकडे दीक्षेचं बोलायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या सकाळी प्लास्टरवर पॉलिथीनची पिशवी बांधली आणि तिच्या पाठीवर पाणी घातलं. माझा हात लागताच तिचे खांदे लाकडासारखे झाले. "राहू दे, मी करीन," ती म्हणाली. एका हाताने तिला ते जमणार नव्हतं हे दोघींनाही दिसत होतं. मी पाठ चोळत राहिले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग एका सकाळी तिचे खांदे आपसूक खाली आले आणि ती म्हणाली, "मायनं चोळली होती अशी. त्याच्यानंतर कोणीच नाही." त्याला किती वर्षं झाली, याचा मी हिशेब करू लागले आणि मध्येच सोडून दिला. माझ्या वयापेक्षा तो जास्त होता.

रविवारी सकाळी सत्संगाला आजूबाजूच्या बायका यायच्या. अशाच एका रविवारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर देवळीत तिची रोजची गोळी तशीच आणि उपमा थंड झालेला. आदल्या दिवशी ती अशीच उपाशी राहिली होती आणि तिला भोवळ आली होती. माझं डोकं फिरलं. बायका बसल्या आहेत, ही माताजी आहे, कशाचंच भान राहिलं नाही.

"काहून वं आत्या, गोळी तशीच ठेवली? अजून उपाशीच बसून राहिली? मंग चक्कर आली म्हंजे धावावं मी? लहान आहे का तू?"

पुढे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "माताजींशी असं बोलतेत का, पोरी?" त्यांच्या शेजारची हळूच म्हणाली, "कॉलेजात हेच शिकवतेत वाटते."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण आत्या हसत होती. नेहमीचं लांबून हसणं नव्हतं ते, तोंडावर पदर धरून हसत होती. "आण वं इकडे," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर डाव्या हाताने सांडत-लवंडत तिने तो थंड उपमा खाल्ला.

बायका गेल्यावर मी माफी मागायला गेले. ती ओट्यावर बसली होती. तिने मला शेजारी बसवलं.

"माफी कायची? मले किती वर्षांत कोणी रागावलंच नाही. पाया पडतेत, फळं आणतेत. पण तू काहून जेवली नाही, असं म्हणणारं कोणी नाही. चुकली तरी चुकली म्हणत नाहीत."

मग तिने हळूहळू सांगितलं. पहिली वर्षं उत्साहात गेली. तिशीनंतर मन कोरडं पडलं. भांडं जागेवर नसलं की तिला रडू यायचं. एखादी बाई आपलं बाळ म्हाताऱ्या साध्वींच्या मांडीवर ठेवायची, तेव्हा तिला ते बघवायचं नाही, ती उठून आत जायची. ते कोणाला सांगता येत नसे, कारण सांगणं म्हणजे कमी पडणं. "मले वाटे, मीच खोटी आहे. मंग कधीतरी ते सरलं. आता कोणी बाई दारातून आत आली की घरून भांडून आली का जेवून आली, मले कळते. आपलं कोणी नसलं की माणूस सगळ्यांकडे पाहाले शिकते. हे मिळालं मले, खोटं नाही सांगत."

प्लास्टर निघेपर्यंत थांबायचं विसरून मी तेव्हाच दीक्षेचं बोलून टाकलं. ती रागावेल किंवा आनंदेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "कोणता विषय राहिला?"

"दोन आहेत."

"अन् पोरगा कसा आहे?"

"चांगला असेल. पण मला शिकायचंय."

"मंग हे सांग ना घरी. मी आली तेव्हा माह्या लग्नावरून रोज भांडण होये. मले वाटलं देव बोलावून राहिला. देवानं बोलावलं असनही. पण मले भांडणातून सुटाचं होतं, हेही खरं होतं. भांडण सुटलं, अन् भांडणारं कोणी उरलंच नाही. तू आधी परीक्षा दे. मंग मन झालं तं ये. दार काही कुठं जात नाही."

तिने माझा फोन मागितला आणि बाबांना लावायला सांगितला. मी स्पीकर सुरू केला. पलीकडून बाबा म्हणाले, "माताजी, नमस्कार."

"दादा," ती म्हणाली. तो शब्द तिने कितीतरी वर्षांत उच्चारला नव्हता. "पोरीचं लग्न आता काढाचं नाही. तिले शिकू दे. विषय राहिले तं राहिले, पुन्हा देईन ती. मी सांगून राहिली, ऐकतं का?"

फोनमध्ये मागे गाय हंबरल्याचा आवाज आला. मग बाबांचा आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता तसा, धाकट्या बहिणीशी बोलतानाचा.

"बरं वं. रागावू नको."

पुढच्या परीक्षेत माझा एक विषय निघाला, एक अजून बाकी आहे. मला त्याची पूर्वीसारखी भीती वाटत नाही. रविवारी मी बेसाला जाते. ती निकालावरून मला रागावते, आणि मी गोळीवरून तिला.