शेजारच्या आजोबांचे एकेचाळीस मृत्यू

आमच्या शेजारचे आजोबा जितक्या वेळा मेले, तितक्या वेळा मरूनही इतका ठणठणीत राहिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे एकेचाळीस वेळा. गोळी लागून, विष पिऊन, घोड्यावरून पडून, पाणबुडीत गुदमरून, आणि एकदा तर नुसतं शिंकून. पण तो विनोदी सिनेमा होता. आजोबा मूळचे अर्जेंटिनाचे आणि धंद्यानं नट. तरुणपणी एका काउबॉय सिनेमात मरायला म्हणून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आले, ठरल्याप्रमाणे मेले आणि इथली कोरडी हवा मानवली म्हणून आमच्या या चँडलर गावातच राहिले. पुढची चाळीस वर्षं लॉस एंजेलिसहून बोलावणं आलं की सहा तास गाडी हाकत जायचे, तिकडे मरायचे आणि रविवारी अंगणातल्या लिंबाला पाणी घालायला हजर असायचे.

या चाळीस वर्षांत त्यांनी कुणाकुणाचं काम केलं नाही? मेक्सिकन दरोडेखोर, तुर्की हेर, इटालियन आचारी, रशियन शास्त्रज्ञ, फ्रेंच न्हावी, आणि खोकल्याच्या औषधाच्या एका जाहिरातीत खोकणारा ग्रीक नावाडी. "माझ्या चेहऱ्याला पासपोर्ट लागत नाही," असं ते मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे. फक्त अर्जेंटिनाचा माणूस त्यांनी कधी केला नव्हता, कारण तो कधी कुणी मागितलाच नव्हता.

नवीन काम आलं की ते आधी त्यांच्या पायांत यायचं. इथे उन्हाळ्यात सकाळी साडेपाचलाच फिरून घ्यावं लागतं, नाहीतर माणसाचा पापड होतो. त्या वेळी माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून सांगायची, "आज छाती काढून चालतायत, जनरल दिसतोय." एकदा ते इतके केविलवाणे लंगडत होते, की मी धावत जाऊन त्यांना डॉक्टरकडे न्यायची तयारी दाखवली. त्यांनी मला मिठीच मारली. "कुठला पाय वाटला?" मी डावा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. उजवा असायला हवा होता. हेराच्या कामाच्या वेळी तर ते आठवडाभर भिंतींच्या कडेकडेनं सरकत होते. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी संशयित इसमाचा फोटो टाकला, तेव्हा आजोबांनी तो छापून घेऊन फ्रिजवर लावला.

रविवारी दुपारी ते आमच्या सोफ्यावर बसून स्वतःचे सिनेमे दाखवत. दाखवत म्हणजे दीड तास पुढे पळवत आणि अचानक थांबवून ओरडत, "तो कोपर माझा!" आमची मुलगी अकरावीत आहे आणि त्या वयाला शोभेल इतकी निर्दय आहे. ती म्हणायची, "आजोबा, यू वेअर लिटरली देअर फॉर फोर सेकंद्स." ते शांतपणे सांगायचे, "सहा. मेल्यानंतरचे दोन तू मोजत नाहीस. खरं काम तिथेच असतं."

सिनेमाबरोबर माते असायचंच. हे त्यांच्या देशाचं पेय. वाळक्या भोपळ्याच्या वाटीएवढ्या भांड्यात कडू हिरवा पाला, वरून थर्मासमधलं गरम पाणी, आणि त्यात खोचलेली एक धातूची नळी. एकच भांडं आणि एकच नळी सगळ्यांना! ज्या घरात आम्ही तांब्याला ओठ न लावता पाणी प्यायला शिकलो, त्या घरातल्या माणसाची काय अवस्था झाली असेल ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कसं मोडायचं? मी डोळे मिटून प्यायलो, भांडं परत दिलं आणि अगदी अदबीनं "थँक यू" म्हणालो. बायकोनं काही न बोलता परत दिलं. आजोबांनी तिला पुन्हा भरून दिलं, मग पुन्हा, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

असं दोन वर्षं चाललं. उष्ट्याची शिसारी केव्हाच गेली, उलट मला त्या कडू पाल्याची चटक लागली, पण माझ्या वाट्याला दर रविवारी एकच भांडं. मी आणखी अदबीनं, आणखी मोठ्यानं थँक यू म्हणायचो, तरी काही उपयोग नाही. "तू त्यांना आवडत नाहीस, यार," बायको म्हणाली. ती नागपूरची, त्यामुळे मनात ठेवणं तिला जमत नाही. मला खरंच वाईट वाटायचं.

आणि मग गेल्या वर्षी चमत्कार झाला. एका छोट्या सिनेमासाठी अर्जेंटिनाचाच म्हातारा हवा होता. चार सेकंदांचा नव्हे, सबंध सिनेमाभर. आजोबा आमच्या दारात उभे राहून एखादी भानगड सांगावी तसे कुजबुजले, "आणि मी शेवटपर्यंत मरत नाही." निवड व्हिडिओवरून होणार होती. त्यांनी मिशीला पीळ दिला, गळ्यात रुमाल बांधला, छाती ठोकून भाषण केलं आणि व्हिडिओ पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: काम उत्तम, पण तुम्ही अर्जेंटिनाचे वाटत नाही, हवं तर आणखी एकदा पाठवा.

तो आठवडाभर आजोबा फिरायला निघाले नाहीत. मी गेलो तेव्हा अंगणात लिंबाखाली नुसते बसले होते. "इतक्या लोकांसारखा चाललो," ते म्हणाले, "की माझी स्वतःची चाल कुठली, तेच आठवत नाही." मी म्हटलं, "उद्या आमच्या गॅरेजमध्ये करू. मी असतो समोर."

प्रसंग साधा होता. मुलगा बऱ्याच वर्षांनी भेटायला येतो, बाप त्याला माते देतो, दोघं पीत बसतात, आणि बाप जुन्या घराबद्दल बोलू लागतो. मुलगा म्हणजे मी, कॅमेऱ्याच्या या बाजूला, गाडी आणि वॉशिंग मशीनच्या मधे. बायकोनं फोन धरला होता. आजोबांनी भांडं दिलं, मी प्यायलो, परत दिलं आणि सवयीनं म्हणालो, "थँक यू."

आजोबांचा हात थर्मासवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मिशी, छाती, जनरल, दरोडेखोर, सगळे त्या चेहऱ्यावरून निघून गेले आणि मागे एक म्हातारा राहिला. थर्मासचं झाकण हळूहळू लावत त्यांनी विचारलं, "एवढ्यातच?"

बायको वैतागली. "अरे, थँक यू कशाला म्हणालास? स्क्रिप्टमध्ये नाहीये ते! रीटेक करू." आजोबा म्हणाले, "नको. हाच पाठवा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे भांडं परत देताना आभार मानले, की त्याचा अर्थ पुरे, आता मी निघतो. गप्प राहणाऱ्याला माते मिळत राहतं. म्हणजे दोन वर्षं मी दर रविवारी पहिल्याच भांड्याला या भल्या माणसाला बैठक मोडल्याचं कळवत होतो! "मला वाटायचं, तू बायकोच्या धाकानं येतोस," ते म्हणाले. आम्ही दोघं इतके हसलो, की बायकोनं फोन ठेवून दिला.

काम त्यांनाच मिळालं. चित्रीकरण अर्जेंटिनात होतं, त्यांच्या बहिणीच्या गावापासून तासाभरावर. दोघा भावंडांची वयं पाहता परत येण्यात अर्थ नव्हता, हे त्यांनी सांगायच्या आधीच आम्हाला कळलं होतं. लिंबाला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.

जायच्या दिवशी सकाळी विमानतळाची गाडी दाराशी उभी होती, बॅगा आत गेल्या होत्या. आजोबा पायरीवर बसले आणि त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं. मी सावकाश प्यायलो. या माणसाचे आभार मानावेत अशा किती गोष्टी होत्या, आणि सगळ्या त्या क्षणी माझ्या ओठांवर आल्या. मी त्या गिळल्या आणि काही न बोलता भांडं परत दिलं.

आजोबांनी ड्रायव्हरला हातानंच थांबायची खूण केली, थर्मासचं झाकण काढलं आणि पुन्हा पाणी ओतलं.