भोईरसरांचा काळा चिखल

कोपर आणि परिसरातल्या सर्व सुज्ञ नागरिकांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे हरेश्वर भोईर हे स्मगलर नव्हते! ही घोषणा मी बरीच वर्षं उशिरा करतोय, आणि मलाच करायला हवी, कारण तो संशय इमारतभर मीच पसरवला होता. मागच्या महिन्यात बाळकुमहून त्यांच्या भावाचा फोन आला... सर गेले. फोन ठेवल्यावर रडण्याआधी मला हसू आलं. सरांनी माफ केलं असतं, जरा वेळ घेऊन.

सर बाळकुमच्या कोळीवाड्यातले, ठाण्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. ऐंशीच्या दशकात, मी शाळेत असताना, त्यांची पीएचडी चालली होती. दर रविवारी ओहोटीला भावाच्या होडीतून खाडीत जायचे, चिखलात पाइप खुपसून तळाची माती काढायचे, बाटल्यांत काठोकाठ भरून झाकणावर मेण ओतायचे आणि थेट आमच्या घरी यायचे. आख्ख्या मजल्यावर फ्रिज आमचाच. "खालच्या कप्प्यात ठेवा हं सर, वर लोणी आहे," एवढीच माझ्या आईची अट.

मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात प्राणवायू होता का, हे खडकातलं लोखंड आणि गंधक सांगतं. पाण्यात प्राणवायू नसला की दोघांचं जमतं आणि पायराइट तयार होतं. आपल्या खाडीच्या तळाशी आजही तेच चाललंय. आजचं नीट समजलं, तर तेव्हाचं वाचता येईल." मग खिशातून एक काळा दगड काढून दाखवला. त्यात पिवळेधमक कण चमकत होते. झालं! शास्त्र मी तिथेच विसरलो, चमक तेवढी लक्षात ठेवली.

होडी, खाडी, मेणाने बंद बाटल्या, वर हा पिवळा चमकणारा दगड... सोनं होड्यांतून चोरून यायच्या त्या काळात संशयाला एवढं पुरे होतं. आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, "मेण लावून चिखल जपणारा माणूस सरळ नसतो." मी एका रविवारी सरांच्या पाठोपाठ खाडीपर्यंत गेलेलो. त्यांच्या भावाने होडीतूनच ओळखलं. "काय रं, मास्तरच्या मागं कशाला आलास? चिखल पायजे तर ने ना घरी, कुनी चोरत नाय!" कोणी चोरत नाही म्हणतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

मग एका दुपारी घरात कोणी नसताना मी बाटली उघडली. तीही सर्वांत खोलवरच्या चिखलाची, जी मिळवायला सरांना तीन ओहोट्या लागल्या होत्या. चमच्याच्या दांड्याने ढवळलं. कुजक्या अंड्यांचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी! सोनं नाही, नाणं नाही. झाकण लावलं, मेण अंगठ्याने दाबून बसवलं.

दोन आठवड्यांनी सर बाटल्या प्रयोगशाळेत न्यायला आले. त्या बाटलीतल्या काळ्या चिखलावर तपकिरी थर चढला होता. सर स्वयंपाकघरात खालीच बसले. "हवा गेली आत. लोखंड गंजलं. आता ही बाटली खोटं बोलणार... तळाशी प्राणवायू होता म्हणून सांगणार." तो चिखल पुन्हा काढून सगळी तपासणी नव्याने करण्यात त्यांचं एक वर्ष गेलं, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे येणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

त्या क्षणी मात्र ते आईकडे बघत होते. आईचा चेहरा उतरला. "सर, देवाशपथ, मी हात लावला नाही हो." मी भिंतीवरचं कॅलेंडर अत्यंत बारकाईने वाचत उभा. सरांनी बाटली खिडकीशी धरली, थर निरखला आणि शांतपणे म्हणाले, "कोणीतरी रात्रभर उघडी ठेवलेली दिसते." चिखलाच्या बाबतीत हा माणूस कधी चुकत नसे, त्यामुळे तेव्हा ते मुद्दाम चुकले असा मला आजही दाट संशय आहे. पण असा धडधडीत अन्याय मला सहन होईना, आणि मी ओरडलो, "रात्रभर? दोन मिनिटांत झाकण लावलं होतं मी!"