आमंत्रण नसलेली लग्नं

गोंदिया जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त लग्नांना हजर राहिलेला माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, आणि त्यांतल्या बहुतेक लग्नांचं त्यांना आमंत्रणच नव्हतं. इटियाडोह धरणाच्या कालव्यांवरची नोकरी संपल्यावर त्यांनी कुडव्याच्या घरात कॉम्प्युटर आणला, त्याला जुना व्हीसीआर जोडला आणि लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायला लागले. आता, तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात. दुसरा कोणी असता तर बटण दाबून बाजार करून आला असता. मामा धुतलेला सदरा घालून समोर बसत. मंगलाष्टकं संपेपर्यंत पाणी पीत नसत आणि पडद्यावर पंगत बसली की स्वतःचं ताट वाढून घेत. मधेच लाइट गेली तर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. जिथे थांबली तिथून लावा की, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"अर्ध्या लग्नात घुसाले आपन काय चोर हावो, जवाईबापू?"

सीडी न्यायला आलेल्याला ते सोबत अहवालही देत. तुमचे मोठे काका न जेवताच गेले, नवरदेवाची आत्या शेवटपर्यंत फुगून बसली होती, बघा बुवा काय ते. त्यामुळे काही घरांतले जुने अबोले सुटले आणि एका घरात नवा सुरू झाला. कापाकापी मात्र त्यांना मान्य नव्हती. कॅमेरा हललेला असो की नुसता मांडवाचा खांब दिसत असो, सगळं जसंच्या तसं सीडीवर जायचं.

माझ्या लग्नाची कॅसेट मी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती, त्याला कारण होतं. व्हिडिओत रुबाबदार दिसावं म्हणून मी बोहल्यावर चष्मा काढून ठेवला होता. अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने हार घातला तो नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामांना. नवरी ठेंगणी, मामा धिप्पाड, त्यात अक्षतांचा मारा. सगळा दोष माझा नव्हता. मामी वारल्यानंतर मामा ती कॅसेट मागायला लागले, तेव्हा पाहुण्यारावळ्यांत माझी शोभा करायचा त्यांचा बेत असणार, असं मी धरून चाललो. कधी सापडत नाही म्हणालो, कधी बुरशी लागली म्हणालो. शेवटी एकदा ते शांतपणे बोलले.

"काऊन लपवून राहिले? मले तुमचा हार नाही पाह्याचा. तुमची मामी पाह्याची हाये."

मामींना कॅमेऱ्याचं भारी वावडं. त्याचा दिवा अंगावर आला की तोंड फिरवून त्या थेट स्वयंपाकाकडे. फोटो घरात होते, पण आवाज कुठेच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी कॅसेट घेऊन गेलो. दोघं समोर बसलो. तो हार आला आणि गेला, मामा हसले नाहीत. ते पडद्याचे कोपरे पाहत होते. सप्तपदी झाली, आहेर झाले, मामी नाहीत. शेवटी व्हिडिओवाल्याने कॅमेरा चालूच ठेवून खुर्चीवर टेकवला. नुसती सतरंजी आणि एक उलटी चप्पल दिसत राहिली. एवढं तरी कापा, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. बँडच्या गोंगाटातून कुणी बाई बोलत होती.

"भाऊ, जेवून घे आधी. कवाचा उभा हायेस. बुंदी घे अजून."

मामांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तिचाच हाये न?"

माझं मामींशी बोलणं नमस्कारापुरतं. त्या गोंगाटात तो आवाज सासुरवाडीच्या कोणत्याही बाईचा असू शकला असता.

"त्यांचाच, मामा," मी म्हटलं.

त्यांनी सीडी बनवली आणि एक मलाही दिली. बायको कधीमधी म्हणते, लावू या. ती मामींच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आवाज कुणाचा, हे तिला एका क्षणात कळेल. मी काहीतरी काम काढून उठतो.