हिरूआत्याचा गाळा

माणूस दारात आला की 'ये' म्हणायचं असतं, हे हिरूआत्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ती म्हणायची, "कशाला आयलास?" गिऱ्हाइकालाही तेच, फक्त हिंदीत. भिवंडीजवळ कोनच्या रस्त्याला आमचा मॉल आहे, त्यात तिचं साड्यांचं दुकान होतं. आमचा म्हणजे आमच्या भातशेतावर बांधलेला.

ते शेत बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बहिणीने हक्कसोडीवर सही करायची, भावाने तिला गोडधोड जेवू घालायचं आणि विषय मिटवायचा, एवढीच अपेक्षा होती. आत्याने सही केली नाही. वाटणीचा गाळा मागितला आणि घेतला. "बापाला पोरगी व्हती ना? मंग तिचा वाटा पन हाय," असं तिने भरल्या बैठकीत बाबांना सुनावलं. बाबांनी त्या दिवसापासून बहिणीचं नाव टाकलं. भाऊबीज बंद, हळदी-लग्नाची आमंत्रणं बंद. मीही तिच्यावर राग धरूनच मोठा झालो, आणि तो उतरावा असं ती कधी वागलीही नाही.

पुढे मॉलचे बारा वाजले. सरकता जिना बंद पडला, वरच्या मजल्यावर कबुतरं राहायला आली. बाबांच्या गाळ्यांची शटरं गंजली. आजूबाजूला मात्र गोदामं धो धो चालत होती. शेवटी सगळ्या गाळेवाल्यांनी इमारत एका गोदामवाल्याला विकायचं ठरवलं. एकटी आत्या आडवी आली. बाबांनी स्वतः जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मला पाठवलं.

मी गेलो तेव्हा एक बाई पदराने वारा घेत तिच्याकडे साड्या बघत होती. एसी का बंद, असं तिने विचारलं. "लेना है तो लो. हवा खानेका है तो खाडी पे जाओ," आत्या म्हणाली. बाई निघून गेली. मग माझ्याकडे वळून, "तू कशाला आयलास? बापाने धाडला ना?"

"आत्या, मॉल मेला. तू कुणासाठी अडून बसलीस?"

"मेला तं मेला. तुमच्या दारान मना पानी न्हाय. ह्यो माजा माहेर हाय. हितं मी रोज येतंय, कोन अडवतंय बगू. मना न्हाय इकायचा."

"माहेर हवं होतं तर सही करायची होतीस," मी म्हणालो. मला ते बोलताना बरंही वाटलं.

तिने घड्या घालायचं थांबवलं नाही. "भाईर हो," एवढंच म्हणाली.

यंदा होळीनंतर आत्या गेली. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. इतकी वर्षं तिचं नाव न घेतलेले बाबा तडक बाजारात गेले. दुकानदाराने काढलेल्या साड्या त्यांना पसंत पडेनात. "चांगली दाखव रे, बहिणीला न्यायची आहे," ते म्हणाले. 'बहीण' हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

आम्ही पोचलो तेव्हा आत्याला नवी कोरी साडी नेसवून झाली होती. बाबा भडकले. "आमच्या आधी कुनी नेसवली? माहेर मेलाय काय तिचा?"

तिची सून डोळे पुसत पुढे आली. "आईंनीच काढून ठेवलेली, दुकानातली. बोलल्या, ही माज्या बापाच्या जाग्यावरची हाय, हीच माहेरची. भावाने आनली तं घेव नको."

बाबा पिशवी पुढे धरून तसेच उभे राहिले. कुणीही ती त्यांच्या हातातून घेतली नाही.