फसलेल्या प्रयोगांची वही

शाळेच्या प्रयोगशाळेत काकूंचा हात लागल्याशिवाय बर्नर पेटत नसे. हुद्दा सहायकाचा, पण मोरचुदाचे खडे तोलून ठेवणं, परीक्षानळ्या धुणं, फुटलेली काच पोरांच्या पायात जाण्याआधी आपल्या नजरेस पडेल असं लक्ष ठेवणं, सगळं त्यांचंच. ॲसिडचं बूच कुणी उघडं टाकलं, की दारातूनच ओरडत, "वास मला आलाय, नाक शाळेचं कापलं जाईल. लाव आधी!"

पूर्वी तिथले प्रयोग म्हणजे निव्वळ नाटक. पोरं आधी गाईडमधलं उत्तर उतरवायची, मग त्याला शोभेलशी निरीक्षणं मागाहून रचायची. लोलक खुंटीवरच, आणि गुरुत्वाकर्षण बरोब्बर नऊ पूर्णांक आठ! अकरा वर्षांपूर्वी विज्ञानाचे नवे सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, "आलंय ते लिहा."

"आणि चुकलं तर?" काकूंनी विचारलं.

"चुकत नाही हो काकू, फसतं. आणि फसलेलं म्हणजेही विज्ञानच. एक वही ठेवा. पुस्तकाप्रमाणे आलं तर 'जमला', नाहीतर 'फसला'. खाडाखोड करायची नाही."

तोवर शाळेनं काकूंच्या हातात फडकंच दिलं होतं. पेन पहिल्यांदा सरांनी दिलं.

घरी शिलाई मशीनवरून नवरा हसला. "माप चुकलं तर मी कापड लपवतो. तू चक्क वहीत लिहितेस?"

"अहो, म्हणून तुमची गिऱ्हाइकं पोट आत ओढून चालतात!"

एकदा पाणी सत्त्याण्णव अंशांनाच उकळलं. पुस्तकात शंभर. लिहिणारी मुलगी रडकुंडीला आली, वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, "हसू नका, शोधा." थर्मामीटर बदलला. वितळत्या बर्फात बुडवून पाहिला, तिथे नेमकं शून्य. तिसऱ्या दिवशी तीच मुलगी म्हणाली, "सर, आपण डोंगरावर राहतो म्हणून तर नाही?" काकूंची बहीण समुद्रकाठच्या शाळेत शिपाई होती. काकूंनी तिला फोन लावून पाणी उकळायला लावलं. तिकडे शंभर! सर बाकावर चढून टाळ्या वाजवत होते.

वहीत मात्र काकूंनी लिहिलं, 'फसला'. पुस्तकाप्रमाणे आलं नव्हतं ना! तीन दिवसांत काय सापडलं, ते लिहायला वहीत रकानाच नव्हता. ते पोरांच्या तोंडी राहिलं. असं कितीतरी राहिलं.

यंदा संस्थेच्या मनात आलं, प्रयोगशाळा मोडून तिथे संगणकाचे पडदे बसवायचे. काचेवर बोट फिरवलं की प्रयोग होतो. सांडणं नाही, भाजणं नाही. शिक्षकांत दोन तट पडले. एक म्हणे, आधी संकल्पना पक्की होऊ दे. दुसरा म्हणे, हात घातल्याशिवाय कसली संकल्पना? काकू निर्धास्त होत्या. सर आपले आहेत.

बैठकीला काकूंना बोलावलं. आत जाऊन बघतात तर सर अध्यक्षांच्या शेजारी बसलेले आणि समोर काकूंची वही.

"चारशे बारा प्रयोग," सर वाचत होते, "त्यांतले दोनशे एकोणसाठ फसले. शंभरात त्रेसष्ट. इतक्या वेळा मुलांसमोर चुकीचं उत्तर येत असेल, तर आपण शिकवतोय काय? पडद्यावर एकही फसणार नाही."

काकूंना वाटलं, सरांची काहीतरी युक्ती असेल. आता वळतील. ते वळले नाहीत.

"सर," काकू म्हणाल्या, "ते सत्त्याण्णवचं सांगा ना."

"काकू, ते एक उदाहरण झालं. उदाहरणानं काही सिद्ध होत नाही. आकडे बघावे लागतात."

"पण आकड्यांत ते धरलंच नाही! तुम्हीच रकाने पाडून दिलेत."

अध्यक्ष खाकरले. "नव्या कार्यक्रमाचे प्रमुख म्हणून सरांचा अनुभव आम्हाला..."

प्रमुख! म्हणजे हे आधीच ठरलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केसही काकूंनीच विंचरून दिलेला.

"नोंदी खऱ्या आहेत, एवढी सही हवी," अध्यक्ष म्हणाले.

मुख्याध्यापिका मोठ्या बाई काकूंच्या कानाशी वाकल्या. "म्हणा, निम्म्या चुकून लिहिल्या गेल्या. वही बाद होईल, खोली वाचेल. म्हणा हो!"

एवढंच म्हणायचं होतं. काकूंनी वहीची पानं चाळली. कुठंही खाडाखोड नव्हती. सर टेबलाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. काकू खोटं बोलणार नाहीत, याची त्यांना पुरेपूर खात्री होती. त्या खात्रीवरच तर ते इथे बसले होते.

काकूंनी सही केली. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

जिन्यात सरांनी गाठलं. "रागावू नका. शाळा काळाबरोबर जायला हवी. आणि तुमची गरज आहेच. पडद्यासाठी सगळे प्रयोग एकदा चित्रित करायचेत. तुमचा हात हवा."

"आणि फसले तर?"

"परत करायचे. जमलेलेच ठेवू."

हे बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही, हे काकूंना सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, सरांच्या हातावर ठेवला आणि पायऱ्या उतरू लागल्या.

"काकू! अहो, ॲसिडच्या कपाटाची कुठली?"

सतरा किल्ल्या होत्या. ॲसिडची कुठली, ते काकूंना अंधारातही कळलं असतं.

"एकेक लावून बघा," त्या म्हणाल्या, आणि मागे न बघता खाली उतरल्या.